दुसरा सीझन

विषमतेवरच्या, येणाऱ्या काळातल्या भयंकर जगाच्या मालिका सुचव, असं लोक मला अधूनमधून म्हणतात. परदेशी मालिकांमधली माणसं जे बोलतात ते मराठीत दोन ओळींत बसवायचं, हे माझं काम. नगरला एका खोलीत बसून मी ते करतो. त्यामुळे याने सगळं पाहिलेलं असणार, असं लोकांना वाटतं. मग मी कोणी फारशा न पाहिलेल्या चार-पाच मालिकांची नावं सांगतो. एकीत श्रीमंतांची आजारपणं गरिबांनी अंगावर घ्यायची, एकीत खालच्या मजल्यावरच्यांना सूर्य आठवड्यातून एकदा. लोक म्हणतात, बापरे, काय डोकं चालवलंय. मला त्या 'बापरे'चा राग येतो. पण राग गिळून मी आणखी एखादं नाव सांगतो.

एक नाव मात्र मी कोणालाच सांगत नाही. खरं तर दुर्लक्षित म्हणावी अशी तीच. कुठल्याशा थंड देशात बनलेली, आठ भागांची. जगात ती किती जणांनी पाहिली कोण जाणे. आमच्या पाथर्डी तालुक्यात ती दोघांनी पाहिली, मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने.

तेव्हा मी नगरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि होस्टेलवर राहायचो. होस्टेलचं वाय-फाय रविवार सोडून कधीही बंद पडायचं, पण एका शनिवारी पहाटे उठून मी ते आठही भाग मोबाईलमध्ये उतरवून घेतले. का, तर वर्गातल्या एका मुलाने सांगितलं होतं की फार बेक्कार आहे, कोणी बघत नाही. कोणी बघत नाही म्हटलं की मी बघणार, हा माझा तेव्हापासूनचा वाईट स्वभाव. दुपारच्या एस.टी.ने मी तिसगावला उतरलो आणि तिथून आमच्या गावाला गेलो.

बहीण नुकतीच बारावीत गेली होती. तिला पोलीस भरतीला उतरायचं होतं आणि त्याला बारावी लागते. रोज सकाळी ती शाळेचे बूट घालून तिसगावच्या रस्त्याला पळायची. गावातल्या बायका तिला विचारायच्या, कोण पाठीमागं लागलंय गं? ती पळता पळताच हसायची. घड्याळ तिच्याकडे नव्हतं, म्हणून आमची आई ओट्यावर मोबाईल घेऊन बसायची आणि ती परत आली की किती वेळ लागला ते सांगायची. बहुतेक वेळा आईचं बटण चुकायचं.

रविवारी दुपारी आम्ही दोघं पत्र्याखाली बसलो, मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि पहिला भाग लावला. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. बहिणीचं इंग्रजी तोकडं, म्हणून मी वाचून मराठीत सांगायला लागलो. आज ज्याचे मला पैसे मिळतात ते काम मी पहिल्यांदा त्या दुपारी केलं.

मालिकेतलं शहर दोन भागांत वाटलेलं होतं. वर पाणी, झाडं, काचेची घरं. खाली मिठाच्या खाणी. खालची माणसं रोज सकाळी एका दारातून खाणीत जायची आणि संध्याकाळी त्याच दारातून बाहेर यायची. दार जोडीलाच उघडायचं. भिंतीवर दोन पट्ट्या होत्या. दोघांनी एकाच वेळी तळहात टेकवले तरच ते सरकायचं. एकट्याला पाणीही अर्धंच मिळायचं. या जोडीला वरची माणसं एक शब्द वापरायची. त्याला मराठीत काय म्हणावं, मला सुचेना. नग? एकक? मी अडलो, आणि तोंडातून निघून गेलं, "कोयता."

बहीण इतकी हसली की भाग थांबवावा लागला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडून दरवर्षी माणसं ऊसतोडीला जातात, आणि ती माणसांत मोजली जात नाहीत, कोयत्यात मोजली जातात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. टोळी नेणारा मुकादम विचारतो, तुझ्या गावातून कोयते किती? एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. यात कोणाला काही लागत नाही की खुपत नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, आणि आई पंचवीस वर्षं एक कोयता होते. आम्ही दोघं भावंडं त्या कोयत्याची. मी हा शब्द जन्मापासून ऐकत होतो. तो भयंकर आहे हे मला तांदळाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलने सांगितलं, याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर दर रविवारी एक भाग. आषाढापासून भादव्यापर्यंत मी शनिवार चुकवला नाही. आई चुलीपाशी बसून ऐकायची. तिला चित्र दिसत नव्हतं, फक्त माझी कथा ऐकू जायची. तिसऱ्या भागाला तिने विचारलं, हे कोनत्या कारखान्याचं हाय? बहीण म्हणाली, अगं ही खोटी गोष्ट हाय. आईला पटलं नाही. इतकं बारीक कोण खोटं सांगंल, असं तिचं म्हणणं पडलं. पाचव्या भागात एक म्हातारी मरते, तर तिचा नवरा ते लपवतो आणि चार दिवस तिचा गार हात दारावर टेकवत राहतो. आई त्या वेळी भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, करनारच की, अर्ध्या कोयत्याला कोन इचारतं. 

तिच्या या बोलण्यामागे कारण होतं. मागच्या सीझनला फळीवरून ट्रकवर चढताना ती डोक्यावरच्या मोळीसकट खाली पडली होती, आणि तेव्हापासून तिची कंबर धरलेली होती. नगरच्या डॉक्टरांनी वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही असं बजावलं होतं. म्हणजे त्या वर्षी तात्या अर्धा कोयता होते. शेजारच्या वस्तीवर एक विधुर गडी होता, तोही अर्धाच. दोघं मिळून एक कोयता करू, असं तात्यांचं त्याच्याशी बोलणं चाललं होतं. पक्कं काही नव्हतं, पण होईल असं दिसत होतं. बहिणीला घरी ठेवायचं, तिची बारावी होऊ द्यायची, एवढं तात्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं. ते सहसा काही म्हणत नसत, म्हणून मला त्याची किंमत होती.

आठव्या भागात मालिकेतली मुख्य पोरगी खाणीच्या तळाशी एक जुनं दार शोधून काढते. त्या दाराला एकच पट्टी असते, एकाच हाताची. तिचा जोडीदार वरच्या बोगद्यात झोपलेला आहे. ती बराच वेळ उभी राहते, मग तळहात टेकवते, आणि पडदा काळा होतो. संपलं.

बहिणीने मोबाईल हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. दार उघडलं का न्हाई, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, ते दुसऱ्या सीझनमध्ये कळेल. मग ती जो भेटेल त्याला नाही, पण मला दर शनिवारी एस.टी.तून उतरल्या उतरल्या विचारायला लागली, दुसरा सीझन आला का? सकाळी पळून आल्यावर दम खात ती त्या दाराबद्दल काहीबाही अंदाज बांधायची. तिला वाटायचं, पलीकडे नदी असणार. नदीला बारमाही पाणी असतं हे आम्ही फक्त उसाच्या मुलखात पाहिलेलं, कोल्हारला, प्रवरेच्या पुलावरून.

आता मी जे सांगणार आहे ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

नवरात्राच्या आधी एके दिवशी दुपारी मी कॉलेजात बातमी वाचली की ती मालिका बंद केली आहे. कोणी बघत नव्हतं, दुसरा सीझन होणार नाही. मला भयंकर चीड आली. ज्यांनी ती बनवली त्यांची, ज्यांनी पाहिली नाही त्यांची, सगळ्यांची. तसाच फोन घरी लावला. बहीण शाळेत होती आणि फोन आईने उचलला. मी घाईत होतो, पुढचा तास सुरू होत होता. मी म्हणालो, "तिला सांग, दुसरा सीझन न्हाई व्हायचा. कॅन्सल झाला." आईने विचारलं, कोन म्हनलं? मी म्हटलं, बातमी आलीय. आणि फोन ठेवला.

आमच्या घरात वर्षाचे दोनच भाग असायचे. एक 'शिजन' आणि दुसरा 'घरी'. शिजन म्हणजे दसरा-दिवाळीला गाव सोडायचं आणि पाडव्याच्या आसपास परत यायचं. मागचा शिजन, औंदाचा शिजन, दुसऱ्या शिजनला बघू. आईच्या आयुष्यात या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. आता तिच्या पोराने, शिकलेल्या पोराने, नगरहून फोन करून सांगितलं होतं की दुसरा शिजन कॅन्सल झाला, बातमी आली. तिने ते बहिणीला सांगण्याआधी तात्यांना सांगितलं.

तात्या त्याच दिवशी तिसगावला गेले. बाजाराचा दिवस होता आणि मुकादम नेहमीच्या हॉटेलात चार माणसांत बसला होता. तात्यांनी तिथे उभ्या उभ्या विचारलं की औंदा सीझन नाही हे खरं का? सगळे हसले. कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर तात्या म्हणाले, माझं पोरगं नगरला कालेजात हाय, त्यानं सांगितलं. मग तर आणखी हसले. मुकादम तेवढा हसला नाही. त्याच्या मनात आलं की बायकोची कंबर गेली, आता हा माघार घ्यायची वाट शोधतोय. तो सरळ म्हणाला, तुझा कोयता अर्धा झालाय ते ठाऊक हाय मला, यायचं नसंल तर तसं सांग, बहाने कशाला करतो.

माझे वडील गरीब आहेत, पण शब्द फिरवतो असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. आणि इथे चार लोकांत म्हटलं गेलं. विधुर गड्याचं अजून पक्कं नव्हतं, त्याचं नाव कसं घेणार? ते म्हणाले, "माझा कोयता पुरा हाय. मी आन् माझी पोरगी."

बस. एवढंच झालं. मुकादमाने वहीत लिहिलं, आणि तात्या भाजी घेऊन घरी आले.

शनिवारी मी घरी गेलो तेव्हा मला हे सगळं आईने सांगितलं, तेही माझी चूक म्हणून नाही, नुसतं झालं ते सांगावं तसं. मी तात्यांशी भांडलो. मी म्हणालो की मी जातो, माझं वर्ष बुडू द्या. ते म्हणाले, तुला मोळी बांधता येत न्हाई, अन् फी भरलीय. दोन्ही खरं होतं. पण त्याहून खरं हे होतं की मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही. माणूस मनापासून जातो म्हणत असेल तर तो निदान दोनदा म्हणतो. बहीण बाजूला बसून शेंगा फोडत होती. ती म्हणाली, एक शिजन तर हाय, पेपर पुढच्या साली दीन. मग तिने मला विचारलं की ती मालिका खरंच बंद झाली का? मी हो म्हणालो. ती म्हणाली, मग आता दाराचं कसं कळंल? तिला त्याचंच जास्त वाईट वाटलंय असं तिने मला वाटू दिलं, आणि मीही ते खरं धरून चाललो, कारण ते मला सोयीचं होतं.

ती गेली. तिचे शाळेचे बूट आईने पिशवीत बांधून माळ्यावर ठेवले. कोल्हारच्या अलीकडे उसाच्या फडाजवळ त्यांची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, उभी राहिली. फाल्गुनात बारावीचे पेपर सुरू झाले तेव्हा ती प्रवरेच्या काठावर पाचट ओढत होती. पुढच्या वर्षी आईची कंबर बरी झाली नाही, आणि विधुर गड्याने दुसरं लग्न करून आपला कोयता पुरा केला होता. त्यामुळे बहीण परत गेली. तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आधी तिचं लग्न झालं. मुलगा चांगला आहे, दारू पीत नाही. त्याची आई वारली होती आणि त्याचा बाप थकला होता, म्हणून तो अर्धा होता. लग्नाच्या मांडवात माझ्या कानांनी मी ऐकलं, एक पाहुणा दुसऱ्याला सांगत होता की बरं झालं, पोराचा कोयता सीझनच्या आधी जमला. माझी बहीण हिरवी साडी नेसून समोर बसली होती. मी त्या पाहुण्याला जिलबी वाढली.

तात्यांना आता कोणी मुकादम तोडीला नेत नाही. आई म्हणते, तू फोन केला नसता तरी हेच झालं असतं रं, मुकादमानं अर्धा कोयता घेतलाच नसता. हे ती मला बरं वाटावं म्हणून म्हणते, का तिला खरंच तसं वाटतं, मला कळत नाही. मी खूपदा हिशेब मांडून पाहिला आहे. होस्टेलचं वाय-फाय त्या शनिवारी बंद असतं तर. फोन बहिणीने उचलला असता तर. मी 'सीझन'ऐवजी 'पुढचे भाग' म्हणालो असतो तर. आज मला ओळीओळीला योग्य शब्द शोधायचे पैसे मिळतात, आणि माझ्या हयातीतला सगळ्यात महाग शब्द मी घाईत, जिना चढताना वापरला.

गेल्या पौषात मी तिला भेटायला गेलो. नगर-मनमाड रस्त्याने कोल्हारला उतरलो आणि विचारत विचारत फडावर पोचलो. दुपारची वेळ होती. अर्धा फड तुटून पडला होता आणि ती मोळ्या बांधत होती. तिचा नवरा पलीकडे तोडत होता. तिने मला बांधावर बसवलं, पाणी दिलं, ऊस कापून दिला आणि हात न थांबवता घरचं सगळं विचारून घेतलं. तिचे तळहात मी पाहिले आणि लगेच दुसरीकडे बघितलं. मग तिने सहज विचारलं, दादा, त्या पोरीचं फुडं काय झालं रं? आला का दुसरा शिजन?

इतकी वर्षं झाली होती. मला वाटलं होतं की ती विसरली असेल. मी म्हणालो, "आला."

आणि मी रचून सांगायला लागलो. मला ते काम येतं. सांगितलं की दार उघडलं. एकाच हाताला उघडलं. पलीकडे उतार होता आणि उताराखाली नदी, दुथडी भरलेली. पोरगी पाण्यात उतरली, वर आली, शहरात कोणी तिला अडवलं नाही, कारण वरच्या शहरात कोणाला जोडी विचारतच नाहीत. ती शिकली. तिला वर काम मिळालं. मी सांगत होतो आणि ती मोळी बांधत ऐकत होती, मधेच मान हलवत होती. तिला आवडतंय असं मला वाटलं. मला बरं वाटायला लागलं, खरं सांगतो, त्या आठ-दहा मिनिटांत मला इतकं बरं वाटलं की मी नदीवर एक पूलही बांधला.

मी संपवलं. पाचटाचा पीळ घट्ट करून तिने मोळीची गाठ मारली.

"आन् तिच्या जोडीला जो हुता, झोपल्याला?"

मी म्हणालो, त्याचं काही दाखवलं नाही.

"मंग मागं राह्यला त्याचा अर्धा कोयता झाला की रं," ती म्हणाली. "त्याला पानी कोन देतं?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मालिकेतली अडचण तिला दिसली होती आणि ती विचारत होती, जशी पत्र्याखाली बसून विचारायची. मी पाहिलेल्या, लिहिलेल्या, लोकांना सुचवलेल्या एकाही मालिकेत त्याचं उत्तर नव्हतं. 

तेवढ्यात मोळ्या भरायची गाडी लागली आणि तिच्या नवऱ्याने पलीकडून हाक मारली. तिने कमरेला पदर खोचला. मोळी एकट्याने डोक्यावर घेता येत नाही, उचलताना दुसऱ्याने हात लावावा लागतो. नवरा लांब होता, म्हणून मी उठलो, पुढे झालो आणि वाकलो.

"बाजूला सर दादा," ती म्हणाली, "तुजी कापडं खराब व्हतील."

मी सरलो.